चाकामागची चकती : गाडीला स्पेसर बसवण्याआधी

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

गाडी चालवणाऱ्या आणि गाडीचं थोडंफार काम शिकलेल्या आम्ही काही जणी दर महिन्याला तुमच्याशी बोलतो. आजचा विषय आहे चाकाचे स्पेसर. कागद-पेन्सिल जवळ ठेवा, दोन-चार आकडे लिहून घ्यावे लागतील.

हल्ली छोट्या गाड्यांची चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावताना दिसतात. मुलं म्हणतात, गाडी रुंद दिसते, रुबाबदार दिसते. ही करामत स्पेसरची असते. स्पेसर म्हणजे धातूची जाड चकती. चाक ज्यावर बसतं तो हब आणि चाकाची रिम यांच्या मध्ये ती घालतात. चकती 15 मिलिमीटरची असली की चाक तेवढं बाहेर येतं. दोन्ही बाजूंना घातली की गाडीची दोन चाकं एकमेकींपासून 3 सेंटिमीटर आणखी लांब जातात.

हा विषय पोरांचा, आपल्याला काय करायचंय, असं म्हणू नका. त्याच गाडीतून आपण बाजाराला जातो, सुनेला बाळंतपणाला दवाखान्यात नेतो, शाळेची मुलं सोडतो. चाक गाडीला धरून राहतं ते चार नटांवर. त्या नटांच्या मध्ये आपण काय घालतो आहोत हे घरातल्या प्रत्येकीला कळायला हवं.

आधी विचारा, स्पेसर हवा कशाला? खरी गरज एकाच ठिकाणी पडते. दुसऱ्या मापाची अलॉय रिम घेतली आणि ती आतल्या बाजूला शॉकअॅब्सॉर्बरला किंवा ब्रेकला घासते, तेव्हा. रिमच्या आतल्या बाजूला ईटी आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो, समजा ईटी 45. रिम टेकते ती जागा रिमच्या मधल्या रेषेपासून किती दूर आहे ते त्यावरून कळतं. 15 मिलिमीटरचा स्पेसर घातला की ईटी 45 ची रिम 30 सारखी बसते. मग रिम घेतानाच योग्य ईटीची घेतली तर चकती लागतच नाही. आमचा पहिला सल्ला तोच आहे. नुसत्या दिसण्यासाठी स्पेसर घालूच नये.

चाक बाहेर गेलं की काय होतं? भरलेली बादली अंगालगत धरून बघा आणि मग हात लांब करून धरून बघा. वजन तेच, पण मनगट भरून येतं. गाडीचं मनगट म्हणजे चाकाची बेअरिंग. तिच्यावर ताण वाढतो, ती लवकर आवाज करू लागते. पुढच्या चाकांना स्पेसर असले की खड्ड्यातला हिसका स्टिअरिंगवर जास्त येतो. टाय रॉड आणि बॉल जॉइंट यांची झीज वाढते. गाडीत पाच जण बसले की टायर मडगार्डला घासू शकतो. रिकाम्या गाडीत ते कळत नाही.

तरीही कुणाला बसवायचाच असेल, तर मापं बघा.

पहिलं माप भोकांचं. चार भोकांच्या रिमला एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्याच कडेपर्यंत मोजा. मारुती स्विफ्टचं हे अंतर 100 मिलिमीटर, ह्युंदाई आय टेनचंही 100. पोलो गाडीला पाच भोकं असतात, पाच भोकांचं माप असं समोरासमोर घेता येत नाही. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ म्हणून लांबट खाचांची चकती विकतात, ती घेऊ नका. बोल्ट खाचेत सरकायला जागा राहते.

दुसरं माप मधल्या भोकाचं. हबच्या मध्यभागी गोल उंचवटा असतो. स्विफ्टला तो 54.1 मिलिमीटरचा. स्पेसर त्यावर घट्ट बसायला हवा आणि स्पेसरच्या बाहेरच्या तोंडालाही तसाच उंचवटा हवा, म्हणजे रिम बरोबर मध्यभागी बसते. भोक मोठं असलं की चाक थोडं एका बाजूला बसतं आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. 3 किंवा 5 मिलिमीटरच्या पातळ चकतीला असा उंचवटा काढता येत नाही. तिथे हबचा उंचवटा चकतीतून पुरेसा बाहेर येऊन रिमला धरतो का, ते बघायचं.

तिसरं माप आट्यांचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. स्विफ्ट आणि आय टेन दोन्हींचे स्टड 12 मिलिमीटर जाडीचे, भोकांचं अंतरही सारखं. पण आटे वेगळे. स्विफ्टचे 1.25 चे, आय टेनचे 1.5 चे. एकीचा नट दुसरीला दोन फेरे जातो आणि अडकतो. त्यावर पाना मारून बसवला तर आटे जातात. नट हाताने फिरला पाहिजे.

नट किती फेरे बसला तेही मोजा. स्टड जितका जाड, निदान तितकी लांबी नटात बसायला हवी. 12 मिलिमीटरच्या स्टडला 1.5 चे आटे असतील तर 8 फेरे, 1.25 चे असतील तर जवळजवळ 10. साधी चकती घातली की तिच्या जाडीएवढा स्टड चकतीत जातो आणि नटाला कमी उरतो. म्हणून साध्या चकतीला लांब स्टड लागतात. पोलोसारख्या बोल्टवाल्या गाडीला लांब बोल्ट लागतात.

मागे आमच्याकडे एक गाडी आली. चालवणारी बाई अंगणवाडीची. म्हणाली, साठच्या वर गेलं की मागून कट कट आवाज येतो. घरच्या मुलाने तालुक्याच्या गावातून चकत्या बसवून आणल्या होत्या, स्टड जुनेच. चाक काढताना आम्ही फेरे मोजले. साडेचार फेऱ्यांत नट हातात आला. एका स्टडचे आटे चपटे झाले होते. ती बाई त्याच गाडीतून रोज घाट उतरत होती. चकत्या काढल्या, खराब स्टड बदलला, आवाज थांबला.

जाड स्पेसर, म्हणजे साधारण 20 मिलिमीटर आणि पुढचे, वेगळे असतात. ते हबला स्वतःच्या नटांनी बसतात आणि त्यांचेच स्टड बाहेर येतात. इथे बघायचं ते हे, की गाडीचा मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर येऊन रिमला टेकत तर नाही ना. टेकला तर रिम सपाट बसत नाही, आणि नट आवळलेले दिसले तरी चाक सैल असतं.

धातूही बघा. घडीव अॅल्युमिनियमचा, 6061 टी 6 प्रतीचा स्पेसर चांगला. ओतीव स्वस्त चकतीला तडा जाऊ शकतो. दोन चकत्या एकावर एक कधीही लावायच्या नाहीत. एका धुऱ्याच्या दोन्ही चाकांना एकाच जाडीच्या हव्यात.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. तिथे रंग किंवा ग्रीस नको, नाहीतर नंतर नट ढिले होतात. नट आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. एअर गनने घट्ट करू देऊ नका, टॉर्क पाना मागा. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगलं तर जवळपास 100 होतं. मग 80 ते 100 किलोमीटर चालवून सगळे नट पुन्हा तपासा. जाड स्पेसर असेल तर रिम काढून आतले नटही तपासा. पुढे पंक्चर काढताना प्रत्येक वेळी हेच. बोल्टवाल्या गाडीत मूळ बोल्ट जॅकजवळ ठेवा. स्टेपनी चकतीशिवाय लावली तर लांब बोल्ट आत कशाला तरी टेकू शकतो.

आता कायदा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंदणीत कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. विमा कंपनीला न सांगता बदल केला आणि अपघात झाला, तर भरपाईच्या वेळी अडचण येऊ शकते. म्हणून आरटीओत आणि विमावाल्याकडे आधी विचारा, उत्तर लेखी घ्या.

दुकानात नेण्यासाठी चार प्रश्न लिहून घ्या. भोकांचं अंतर आणि मधलं भोक माझ्या गाडीचं आहे का? आटे कितीचे? नट किती फेरे बसतो, मोजून दाखवाल का? टॉर्क पाना आहे का? चारातलं एक उत्तर जरी ‘चालतं हो ताई, सगळेच लावतात’ असं आलं, तर चावी उचला आणि गाडी घरी आणा.

ज्यांच्या गाडीला आधीच स्पेसर आहेत त्यांनी या आठवड्यात, गाडी सपाट जागी उभी करून, एकेक नट उघडून फेरे मोजा. कमी भरले तर त्या गाडीतून कुणाला नेऊ नका, आधी चकत्या काढा. मोजताना अडलात तर गाडी आमच्याकडे घेऊन या, बरोबर मोजू.

पुढच्या महिन्यात टायरच्या हवेबद्दल बोलू. नमस्कार.