स्वतःची वही ठेवा
(पांढरकवडा येथें दिलेलें व्याख्यान)



जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून, विद्येवांचून कुणबी कसा नागवला जातो तें दाखविलें. आज आपलीं मुलें लिहितात, वाचतात. तरी पुष्कळांच्या घरचा हिशेब अजून सावकाराच्याच वहींत आहे. आमचें सांगणें एवढेंच, कीं स्वतःची वही ठेवा.

केळापूर तालुक्यांत कापसाचा पैसा दोनचार महिन्यांत येतो, खर्च मात्र बाराही महिने. म्हणून काट्यावरून पैसा घरीं येतांच त्याचे चार वाटे करा: पहिला कर्जफेडीचा, दुसरा बीं-खताचा, तिसरा दाणापाणी व शाळेचा, चौथा दुखण्याबाण्याचा. लग्नकार्य उरेल त्यांतून. सुतार-लोहारांनीं रोजच्या मिळकतींतून असेच वाटे पाडावे.

महिना शेंकडा पांच हें व्याज हलकें वाटतें. पण दहा हजारांवर वर्षाला सहा हजार होतात! तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला वर्षाला शेंकडा सात, म्हणजे दहा हजारांस सातशें. मुदतींत फेडल्यास त्यांतही सूट. मग मुदत चुकवावी कां?

२०१४ च्या कायद्यानें विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. सावकारींत बळकावलेली जमीन परत मागण्याची वाटही त्यांत आहे. पण तेथें तोंडचा शब्द पुरत नाहीं, कागद लागतो. म्हणून दिल्याघेतल्याची तारीख लिहा, पावती जपा.

ही वही घरच्या लक्ष्मीच्या हातीं द्या. पहिल्या पानावर सारें देणें लिहा. लाजूं नका, झांकलेलें कर्जच शेत खातें.