वही एकच, बघणारे अनेक

आम्ही जालन्याच्या मस्तगड भागातल्या बचत गटाच्या महिला बोलतोय. आज विषय आहे आपल्या हातातल्या फोनचा. एकाच फोनमध्ये वीस-पंचवीस अ‍ॅप असतात. मग एका अ‍ॅपमधली माहिती दुसऱ्याला कळते का? आणि कळत असेल, तर कोणाच्या परवानगीने?

आधी गटाची वही डोळ्यांसमोर आणा. वही सचिवताईंकडे असते. बँकेच्या साहेबांना एका सभासदाचं कर्ज बघायचं असेल, तर ताई तेवढं पान उघडून दाखवतात. कपाटाची किल्ली देत नाहीत, आणि वहीत काही लिहू तर मुळीच देत नाहीत.

फोनचंही असंच आहे. अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक अ‍ॅपला स्वतःची वेगळी खोली असते. अ‍ॅप बसवलं की फोन त्याला एक स्वतंत्र क्रमांक देतो. त्याच्या खोलीत दुसऱ्या अ‍ॅपला शिरता येत नाही. म्हणून गाण्यांच्या अ‍ॅपला बँकेच्या अ‍ॅपमधली माहिती वाचता येत नाही.

पण काही माहिती अनेकांना लागते. पैशांचंच बघा. एकच खातं फोनपेला जोडलं आणि गुगल पेलाही जोडलं, तरी शिल्लक दोन्हीकडे सारखीच दिसते. कारण ही अ‍ॅप एकमेकांच्या खोलीत जात नाहीत. खात्याची वही बँकेतच राहते. दोघंही यूपीआयच्या रस्त्याने बँकेला विचारतात, आणि आपण पिन टाकला तरच बँक उत्तर देते.

आता फोनमधली नाव-नंबरांची यादी घ्या. तीही एकाच ठिकाणी असते. ज्या अ‍ॅपला ती हवी, त्याने मागायची. तेव्हा पडद्यावर प्रश्न येतो, संपर्क बघू द्यायचे का? आपण घाईत ‘हो’ दाबतो. त्या एका बोटाने सगळी यादी उघडी होते. आईचा नंबर, नणंदेचा, मुलांच्या बाईंचा, गटातल्या सगळ्याजणींचा! यादी आपल्या फोनमध्ये असली तरी ती आपल्या एकटीची नसते.

झटपट कर्ज देणाऱ्या खोट्या अ‍ॅपवाल्यांनी नेमका याचाच फायदा घेतला. हप्ता थकला की यादीतल्या लोकांना फोन, माहेरी-सासरी बदनामी. म्हणून रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ ला नियम काढला, की कर्जाच्या अ‍ॅपने संपर्क, फाइली आणि कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. ३१ मे २०२३ पासून गुगलच्या प्ले स्टोअरनेही अशा अ‍ॅपना संपर्क आणि फोटो बघायला बंदी केली. पण मेसेजमधल्या लिंकवरून येणारी अ‍ॅप हे नियम जुमानत नाहीत. तिथे राखण आपल्यालाच करायची आहे.

मग करायचं काय? सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या यादीत जा, परमिशन उघडा. कोणाकोणाला संपर्क दिलेत ते बघा. टॉर्चच्या अ‍ॅपला आपल्या मावशीचा नंबर कशाला हवा? काढून टाका. कॅमेरा, माइक आणि ठिकाण यांसाठी ‘फक्त या वेळी’ असा पर्याय असतो, तो वापरा. एक मात्र ध्यानात ठेवा. परवानगी काढली की पुढचं वाचणं थांबतं, आधी नेलेली यादी परत येत नाही. म्हणून ‘हो’ म्हणण्याआधीच विचार करायचा.

आता आपल्या लेकी-सुना अ‍ॅप बनवायलाही शिकतायत. त्यांनाही सांगणं आहे. समजा गटाच्या हिशोबाचं एक अ‍ॅप केलं आणि सभासदांसाठी दुसरं केलं. तर हिशोब एकाच अ‍ॅपच्या खोलीत ठेवा, दुसऱ्याने मागून घ्यावा. सगळ्यांना दिसणाऱ्या फोल्डरमध्ये वही टाकू नका. वाचायची परवानगी वेगळी ठेवा, लिहायची वेगळी. आणि ज्या अ‍ॅपवर तुमचीच डिजिटल सही आहे, त्यालाच दार उघडेल अशी सोय अँड्रॉइडमध्ये आहे, ती वापरा. सभासदाला तिचं पान दिसलं पाहिजे, शेजारणीचं नाही.

आणि कोणी फोनवरून धमकावत असेल, तर घाबरून पैसे भरू नका, एकटीने सोसूही नका. मेसेज जपून ठेवा, घरात सांगा, गटात सांगा. पैशांची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

आज संध्याकाळी चहा झाला की फोन हातात घ्या, आणि संपर्कांची परवानगी कोणाकोणाकडे आहे तेवढं मोजा. शेजारच्या काकूंना जमत नसेल तर त्यांच्या फोनमध्येही बघून द्या, कारण त्यांच्या यादीत आपलाही नंबर आहे.