पावसाळ्याची चाके

बर्फाळ देशांत हिवाळा तोंडावर आला की पिकअप गाडीची चाके बदलतात आणि तिच्यापुढे बर्फ लोटणारे पाते बसवतात. या रिवाजाशी लोधिवली, चौक आणि खालापूरच्या मुलखाचा संबंध नसावा असे वाटणे साहजिक आहे, कारण येथे माथेरानच्या माथ्यावरही बर्फ पडत नाही. तरीसुद्धा रस्ता चाकाखालून निसटतो असा काळ खालापूर तालुक्यालाही चुकत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि भाजीपाला, दूध, खते, भाताची रोपे व कारखान्यांचा सुटा माल वाहणारी पिकअप जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या भिजलेल्या डांबरावरून निघून वाडीच्या मुरमाड चढापर्यंत एकाच दिवसात, त्याच चार चाकांवर जाऊन येते.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून चढवीत असे त्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. रबरी टायर धावेचेच काम करतो, पण धावेला जी नव्हती ती नक्षी त्याच्या अंगावर असते. नक्षी म्हणजे शोभा नव्हे, ती पन्हळ आहे. चाक पुढे सरकते तेव्हा त्याच्याखाली सापडलेल्या पाण्याला बाहेर पडण्यासाठी वाट लागते, व ती वाट नक्षीच्या खाचा देतात. खाचा झिजल्या की पाणी चाकाखालीच अडकते, टायर त्याच्यावर उचलला जाऊन तरंगू लागतो आणि त्या क्षणी स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार चारचाकीच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर खोल असलीच पाहिजे, आणि ही मर्यादा चालकाला मोजपट्टीवाचून कळावी म्हणून खाचेच्या तळाशी जागोजागी रबराचे लहान आडवे उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. हा मात्र कायद्याचा तळ आहे, खालापूरच्या पावसाचा नव्हे. मृग लागण्यापूर्वी तीन मिलिमीटरहून कमी खाच उरली असेल तर तो टायर बदलावा, हेच शहाणपणाचे.

रबराचे वयही तितकेच पाहावे लागते. टायरच्या बाजूवर लंबवर्तुळात चार आकडे उमटवलेले असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी भरपूर असूनही बाजूच्या रबरावर केसासारख्या बारीक भेगा दिसत असतील आणि नख दाबून रबर दबत नसेल, तर तो टायर ओल्या डांबराला धरत नाही. बर्फाळ देशांतील हिवाळी टायरचे मर्म या मऊपणातच आहे: साधे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसखाली ताठरते, म्हणून तेथे थंडीतही मऊ राहणारे मिश्रण वापरतात, त्यात असंख्य बारीक चिरा पाडतात आणि डोंगराच्या तीन शिखरांत हिमकण असलेले चिन्ह टायरवर उमटवतात. असा टायर कोकणच्या उन्हात भराभर झिजेल. येथे त्याचा उपयोग नाही.

रुंदीच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचा अनुभव जुळतो. २१५/७५ आर १५ या आकड्यांचा अर्थ असा की टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि रिमचा व्यास १५ इंच आहे. बर्फ कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोचायला अरुंद टायर बरा, आणि साचलेले पाणी कापायलाही तोच बरा. म्हणून रुबाबासाठी बसवलेले रुंद टायर आणि चकचकीत मिश्रधातूचे रिम पावसात पैसे घेतात व पकड घालवतात. पोलादी रिम खड्ड्यात आपटून वाकला तर ठोकून सरळ करता येतो. मिश्रधातूचा रिम पुष्कळदा तडकतो, आणि चौकच्या पुढे अंधारात तडकलेल्या रिमचा काही इलाज नसतो.

दोनच नवे टायर परवडत असतील तर ते पुढे बसवण्याची सवय सर्वत्र दिसते. ती बदलली पाहिजे. पुढचे चाक घसरू लागले की चालकाला ते हाताला कळते व तो वेग उतरवतो, पण मागचे घसरले तर गाडी कळण्याआधीच आडवी होते. पिकअपला हा धोका जास्त, कारण तिचे बळ मागच्या चाकांना मिळते आणि हौदा रिकामा असताना त्याच चाकांवर वजन सर्वांत कमी असते. पात्याचा भार पुढे आला की मागे वाळूच्या गोण्या ठेवण्याची बर्फाळ देशांतील युक्ती याच तत्त्वावर आधारलेली आहे. बाजारात माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या पिकअपमध्येही मागच्या चाकांच्या वर दोन-तीन गोण्या घट्ट बांधून ठेवाव्यात, कारण सुटी गोणी ब्रेक लावताच केबिनवर येऊन आदळते.

हवा कमी केली की पकड सगळीकडेच वाढते हा समज येथे खोडून काढणे आवश्यक आहे. चिखलात रुतलेले चाक हवा कमी केल्याने सुटते हे खरे. पण तीच कमी हवा घेऊन महामार्गावर चढल्यास टायर आणखी कमी वेगाला पाण्यावर तरंगू लागतो. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना, मालाच्या भाराप्रमाणे मोजावी, आणि चाक बदलल्यानंतर शंभरेक किलोमीटरच्या आत नट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळावेत.

पुढे पाते लावून दरड लोटण्याचा विचार मात्र पिकअपच्या बाबतीत करूच नये. एक घनमीटर ताजे बर्फ बहुधा १०० किलोहून हलके असते, तर तितकीच भिजलेली माती १८०० ते २००० किलोपर्यंत भरते. मागचे पाटे, पुढचा दांडा आणि क्लच यांपैकी एकही भाग या भारासाठी घडवलेला नाही. दरडीचे काम जेसीबीचे. पिकअपचे काम दरडीपर्यंत माणसे, पाणी, दोर, फावडी आणि पहारी वेळेवर नेण्याचे आहे, आणि ते काम थोडे नव्हे. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळच्या इरशाळगडाच्या उतारावरील इरशाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा तेथे गाडीरस्ता नसल्याने बचावदलांना पावसात पायी चढावे लागले आणि अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. जे काही चाकावरून आले ते डोंगराच्या पायथ्याशी उतरवून माणसांच्या खांद्यावरूनच पुढे गेले. अशा पायथ्यापर्यंतचे शेवटचे चार-पाच किलोमीटर, रात्री, कोसळत्या पावसात आणि भरल्या हौद्यानिशी कापावे लागतील हे गृहीत धरूनच मे महिन्यात गॅरेजमध्ये टायर निवडला पाहिजे, आणि स्टेपनीची नक्षीही त्याच वेळी तपासून घेतली पाहिजे.