नळ, शिसं आणि मिस्त्रींचं म्हणणं

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगायला उभं केलं आहे. पण आठवणी सांगणारे इथे पुष्कळ आहेत, म्हणून मी नळाबद्दल बोलणार आहे. हसू नका! पुढच्या महिन्यात आपल्या पाण्याच्या लाइन बदलायची कोटेशनं उघडायची आहेत, आणि त्याआधी मला एक जुनी चूक कबूल करायची आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करतो. २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. तिचं घर जुनं होतं आणि स्वयंपाकघरातला नळ गळत होता. तो बदलायला एक वयस्कर प्लंबर आला, बरोबर हाताखालचा तरुण मुलगा. रिकामटेकडा म्हातारा मी, स्टूल घेऊन शेजारीच बसलो. म्हाताऱ्याने जुना नळ माझ्या एका हातात दिला, नवा दुसऱ्या हातात. म्हणाला, "वजन बघा. हा चाळीस वर्षं टिकला. हा दहा वर्षं टिकला तर मला सांगा." आणि सगळा दोष त्याने कायद्यावर टाकला.

कुठला कायदा? तो मी मग जावयाकडून समजून घेतला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यात थोडं शिसं घालतात, कारण शिशामुळे पितळ यंत्रावर सहज कापलं जातं, आटे स्वच्छ पडतात, ओतकामातली बारीक छिद्रं बुजतात. पण हे शिसं पितळात पूर्ण मिसळत नाही, बारीक कणांच्या रूपात राहतं. पाणी रात्रभर नळात उभं राहिलं की त्यातलं थोडं पाण्यात उतरतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं घातक. किती शिसं चालेल, असा सुरक्षित आकडाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अमेरिकेने १९८६ साली कायदा केला, पण त्यात आठ टक्क्यांपर्यंत शिसं असलेल्या नळाला आणि पाइपलाही 'शिसंविरहित' म्हणायची मुभा होती! आठ टक्के पाणी घातलेल्या दुधाला आपण निर्भेळ म्हणू का? पुढे कॅलिफोर्नियाने २०१० पासून मर्यादा पाव टक्क्यावर आणली, आणि ४ जानेवारी २०१४ पासून तीच मर्यादा देशभर लागू झाली. ती मोजायची रीत आम्हा बँकवाल्यांच्या ओळखीची. पाण्याला लागणाऱ्या प्रत्येक भागातलं शिसं त्या भागाच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात धरायचं आणि सरासरी काढायची. ठेवींचा सरासरी व्याजदर आम्ही असाच काढायचो.

आता कारखानदारांनी शिशाऐवजी कुठे बिस्मथ घातलं, कुठे सिलिकॉन, कुठे सरळ स्टेनलेस स्टील किंवा आतून प्लॅस्टिकची नळी. म्हाताऱ्याची तक्रार होती की नवं पितळ कडक आहे, पाना जरा जास्त आवळला की तडा जातो, डाग देताना आच थोडी जास्त झाली की चीर पडते. चाळीस वर्षांचा हाताचा अंदाज चुकायला लागला, याचा त्याला खरा राग होता. ती तक्रार खोटी नव्हती.

पण तो खाली गाडीतून सामान आणायला गेला तेव्हा हाताखालचा मुलगा हळूच म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्याचं ऐकू नका. माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. तिची दुधाची बाटली मी नळाच्याच पाण्याने भरतो. जपून आवळायला मी शिकेन." त्याने आणखी एक सांगितलं. शॉवरच्या व्हॉल्व्हला हा कायदा लागूच नाही, कारण ते पाणी कोणी पीत नाही. तरी शॉवरही हलकेच येतात. म्हणजे हलकेपणा सगळा कायद्याने आणलेला नाही, काही पैसे वाचवण्यासाठी कारखान्यांनीच आणला आहे.

त्याच दिवसांत टीव्हीवर मिशिगनमधल्या फ्लिंट गावाच्या बातम्या चालू होत्या. २०१४ साली त्या गावाने खर्च वाचवायला पाण्याचा स्रोत बदलला. पाइप गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केली नाही. जुन्या पाइपांतलं शिसं घराघरांत पोचलं. पैसे वाचवायचे म्हणून. हे ऐकताना माझ्या घशात काहीतरी अडकलं, त्याचं कारण आता सांगतो.

२०१२ साली मी आपला खजिनदार होतो. गच्चीवरच्या टाकीचे व्हॉल्व्ह आणि खालच्या लाइनचे कॉक बदलायचे होते. तीन कोटेशनं आली. आपल्या मिस्त्रींनी माल हातात घेऊन मला सांगितलं, "साहेब, स्वस्तवाला घेऊ नका. अंगाने पातळ आहे, आटे कच्चे आहेत." मी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणालो, "मिस्त्री, दर तुम्ही ठरवता का मी?" सर्वांत कमी दर मंजूर केला. बँकेत तीच सवय. दोन वर्षांत तीन व्हॉल्व्ह फुटले. एक तर दिवाळीच्या पहाटे. तुम्हा सर्वांची अभ्यंगस्नानं बादलीने झाली, आठवत असेल. वाचवलेल्या पैशांपेक्षा दुरुस्तीलाच जास्त गेले. त्या दिवशी व्हॉल्व्ह बंद करायला भिजत गच्चीवर चढले ते मिस्त्रीच. मला एक शब्द बोलले नाहीत.

परवा त्यांना मी शिशाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "साहेब, वजनावरून मजबुती कळते, शिसं नाही कळत." हे वाक्य लक्षात ठेवा. जड नळात शिसं असू शकतं, आणि हलका नळ शिसंविरहित असेलच असं नाही. ते छापावरून आणि तपासणीवरूनच कळतं. आमच्या आजीला पितळेचं पातेलं कितीही जाड असलं तरी कल्हई बघितल्याशिवाय त्यात आमटी करणं मंजूर नसे. तसंच हे.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. पीव्हीसी पाइपांमध्ये शिशाचा वापर रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले. तेव्हा कोटेशनं उघडताना समितीने दराच्या आधी तीन प्रश्न विचारावेत. मालावर आयएसआय छाप आहे का? पाइप आणि कॉक यांत शिसं किती, हे लेखी मिळेल का? आणि आपल्या मिस्त्रींनी माल हातात घेऊन पाहिला का? काम झाल्यावर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावं. तेवढा खर्च आपल्याला जड नाही.

घरी करायचं ते फुकट आहे. सकाळी पहिलं तांब्याभर पाणी झाडांना घाला, मग पिण्याचं भरा. गीझरचं गरम पाणी स्वयंपाकाला घेऊ नका, त्यात शिसं जास्त उतरतं. पाणी उकळल्याने शिसं जात नाही. नळाच्या तोंडाची जाळी अधूनमधून साफ करा. घरात फिल्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका, कुकरमधलं पाणी बहुतेक घरी नळाचंच असतं.

आज आपल्या संस्थेत पाच वर्षांखालची मुलं किती आहेत, ते मघाशी फुगे वाटताना आपण सर्वांनी पाहिलं. लाइन बदलली की ती पंचवीस वर्षं बदलणार नाही. ती मुलं तोवर लग्नाची होतील. मी नसेन.

मिस्त्री मागच्या रांगेत, दाराशी उभे आहेत. मिस्त्री, २०१२ साली तुमचं बरोबर होतं. तेव्हा म्हणायला हवं होतं, आज सर्वांसमोर म्हणतो. पुढे या, खुर्ची रिकामी आहे.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.