आपल्याच घरचा नियम



आज पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांनो, समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षी तुम्ही काही शब्द पाठ केलेत. दर्जा, भूमिका, लोकरूढी, सामाजीकरण, संस्था, स्तरीकरण. पाच-पाच गुणांच्या टिपा लिहिल्यात आणि पुढच्या वर्षाला गेलात. आज मला त्याच शब्दांबद्दल बोलायचं आहे, कारण त्यांची खरी गरज तुम्हाला यापुढे पडणार आहे, आणि तीही आपल्याच घरात.

९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर नावाचा एक विद्यार्थी भारतातल्या जातींवर निबंध वाचतो. वय पंचवीस, म्हणजे तुमच्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा. जातीचा जाच त्यानं लहानपणापासून सोसलेला. तरीही त्यानं त्या दिवशी विचारलेला प्रश्न वेगळाच होता : ही व्यवस्था टिकते कशी? तिचं यंत्र चालतं कशावर?

त्याचं उत्तर होतं अंतर्विवाह. लग्न जातीतच झालं पाहिजे, हा नियम. पण हा नियम पाळायचा, तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळलेली असावी लागते, आणि मृत्यू काही जोडीजोडीनं येत नाही. नवरा आधी गेला, की मागे राहिलेली बाई जातीच्या हिशेबात ‘जादा’ ठरते. तिनं बाहेर लग्न केलं, तर कुंपण मोडतं. आत केलं, तर एखाद्या कुमारिकेच्या वाट्याचा वर जातो. मग तिला एक तर नवऱ्याच्या चितेवर चढवायचं, नाही तर जन्मभर वैधव्यात ठेवायचं. बायको आधी गेली, तर पुरुषाला जाळणार कोण? तो कर्ता. त्याला एक तर ब्रह्मचर्य पाळायला सांगायचं, नाही तर अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी शोधून द्यायची. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. धर्म, पातिव्रत्य, मर्यादा अशा तीन निरनिराळ्या नावांनी ज्यांचे गोडवे गायले गेले, त्या तिन्ही चालींचं मूळ त्यानं एका नियमात दाखवलं. एका गटानं दार लावून घेतलं. बाकीच्यांनी काही अनुकरणानं आपली दारं लावली, काहींना ती बाहेरून लागलेली आढळली.

मी हा निबंध पुनःपुन्हा वाचतो आणि दर वेळी थक्क होतो. ‘ते लोक क्रूर होते’ एवढं म्हणून थांबता आलं असतं. तसं म्हणण्याचा नैतिक अधिकार या विद्यार्थ्याइतका कुणाला होता? पण क्रूरपणावर बोट ठेवलं, की शोध तिथंच संपतो, आणि नियम मात्र सुखरूप राहतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमनं १८९७ साली आत्महत्येवरचं पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यानं व्यक्तीमागची रचना शोधण्याची हीच वाट धरली. माणसाची सर्वांत खाजगी वाटणारी कृती घेतली आणि तिचं प्रमाण धर्मपंथ, विवाह, युद्धकाळ यांप्रमाणे बदलतं हे दाखवलं. आपल्या विदर्भात एखाद्या शेतकऱ्यानं जीव दिला, की ‘मनानं खचला होता’, ‘व्यसन होतं’ असं बोललं जातं. एका घरापुरतं ते खरंही असेल. पण शेजारच्या गावात तेच, पलीकडच्या जिल्ह्यात तेच, आणि वर्षानुवर्षं तेच घडत असेल, तर कापसाचा भाव, कर्ज आणि कोरडवाहू जमीन यांच्याविषयी विचारावं लागतं. खचलेलं मन खरं असतं. त्याला खचवणारी रचनाही तितकीच खरी असते.

आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. भारतभर हिंडून त्यांनी नात्यांची नावं आणि लग्नाचे नियम गोळा केले, आणि १९५३ साली भारतातील नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ आला. उत्तरेत मुलगी परक्या गावी, परक्या माणसांत दिली जाते. दक्षिणेत ती पुष्कळदा मामाच्या किंवा आत्याच्याच घरी जाते, जिथं तिला लहानपणापासून ओळखतात. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. मामाची मुलगी करणं इथं अनेक समाजांत चालतं. म्हणजे सासरी गेलेली मुलगी बुजरी की मोकळी, हे आपण तिच्या स्वभावावर ढकलतो, पण त्यातलं कितीतरी नात्यांच्या नियमांनी आधीच ठरवलेलं असतं. घरातल्या सुनेबद्दल मत बनवण्याआधी हे आठवा.

एक धोका मात्र आहे. ‘समाजच तसा आहे’ म्हणून हात झटकणारे समाजशास्त्राचे पदवीधर मी पाहिले आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. नियम माणसांनी केला, माणसंच तो रोज चालवतात. १९१६ साली ज्यानं निदान केलं, त्यानंच १९३६ साली औषध सांगितलं : आंतरजातीय विवाह, आणि त्याच्या आड येणाऱ्या शास्त्रांच्या पावित्र्यावरचा विश्वास उखडणं. हे सांगणारं भाषण ज्या अधिवेशनात व्हायचं होतं, ते अधिवेशनच लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं रद्द केलं. आंबेडकरांनी ते भाषण स्वखर्चानं छापलं.

आज तुमच्या हाती येणारी पदवी हा अर्जित दर्जा, कष्टानं मिळवलेला. पण येत्या काही वर्षांत घरी तुमच्या लग्नाचं बोलणं निघेल. वधू-वर सूचक मंडळाचा अर्ज भरताना शिक्षणाच्या रकान्याआधी जातीचा आणि पोटजातीचा रकाना येईल. तो अर्पित दर्जा, जन्मानं मिळालेला. तो अर्ज तुमचे प्रेमळ आईवडीलच तुमच्यापुढे ठेवतील. पालकहो, मी आपल्याला दोष देत नाही. आपल्यालाही तो असाच कुणीतरी दिला होता. पण मुलांनो, त्या क्षणी तुम्ही अंतर्विवाहाची टीप लिहीत नसाल, तो नियम चालवायचा की थांबवायचा हे ठरवत असाल.

आणि तुमच्यातलं कुणी तो थांबवायचं ठरवलं, तर त्याला एकटं सोडू नका. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी कार्यालयात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती उघड लावली जाते. त्या तीस दिवसांत घरून, भावकीतून काय काय दबाव येतो, हे ज्यांनी सोसलं त्यांना विचारा. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. वर्गातल्या मित्राचा किंवा मैत्रिणीचा त्यासाठी फोन आला, तर सबब न सांगता जा, आणि सही करा.