तांबेऱ्याशी संथ झुंज

गव्हाच्या पानावरून बोट फिरविले असता ते तांबूस भुकटीने माखले, की शेतकऱ्याच्या पोटात धस्स होते. ही भुकटी म्हणजे तांबेरा नामक बुरशीचे बीजाणू होत. पानावरील एका फोडातून हजारो बीजाणू वाऱ्यावर उधळतात, आणि हवा अनुकूल असल्यास पंधरवड्याच्या आत दुसऱ्या पानांवर नवे फोड उठतात. एका हंगामात अशा अनेक पिढ्या होतात. रोग वाढतो तो चक्रवाढ व्याजाने.

या शत्रूस तोंड देण्याचे दोन मार्ग गव्हाच्या ठायी आढळतात. पहिला मार्ग एकाच प्रबळ जनुकाचा. बुरशी आत शिरताच तो तिला ओळखतो, भोवतालच्या पेशी स्वतःहून मरण पत्करतात, आणि बुरशीची उपासमार होते. शेत निष्कलंक दिसते. परंतु कोट्यवधी बीजाणूंपैकी एखाद्याने वेष पालटला, की पहारेकरी फसतो. राय या धान्यातून गव्हात आलेल्या ‘एसआर ३१’ या जनुकाने खोडावरील काळ्या तांबेऱ्यास दीर्घकाळ थोपविले होते. १९९८ साली युगांडात त्यास न जुमानणारा तांबेरा आढळला. पुढे तो ‘यूजी ९९’ या नावाने कुप्रसिद्ध झाला.

दुसरा मार्ग संथ प्रतिकाराचा. येथे रोग शिरतो. मात्र फोड उशिरा येतात, थोडे येतात व लहान राहतात. व्याजाचा दरच उतरल्यामुळे रोग फोफावण्यापूर्वी दाणा भरून जातो. ‘एलआर ३४’ हा अशा जनुकांतील अग्रणी. २००९ साली त्याची रचना उलगडली. तो बुरशीस ओळखणारा पहारेकरी नसून पेशीच्या पडद्यांतून पदार्थांची ने-आण करणारे प्रथिन घडवितो, असे दिसून आले. पिवळा तांबेरा व भुरी यांनाही तो काही अंशी आवरतो. बुरशीच्या एखाद्या रूपाच्या ओळखीवर तो विसंबून नसल्याने वेषांतराने त्याला चकविता येत नाही.

सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत मॅकफॅडन यांनी खपलीशी संकर करून ‘होप’ हा गहू निर्माण केला. त्यातून आलेला ‘एसआर २’ हा संथ प्रतिकाराचा जनुक आजही उपयोगी पडतो.

मात्र असा एकटा जनुक जोरदार साथीस पुरेसा पडत नाही. मेक्सिकोतील संशोधनात असे चार-पाच जनुक एकत्र आणले असता पीक जवळजवळ रोगमुक्त राहते, असे आढळले. पण हे काम चिकाटीचे आहे. या जनुकांचा प्रभाव बहुधा वाढलेल्या झाडातच प्रकट होतो; कोवळ्या रोपावरील डाग पाहून ते फेकून देणारा संशोधक मोलाचा ठेवा गमावून बसतो. म्हणून शेतात रोग येऊ द्यावा लागतो आणि तो किती वेगाने वाढतो, ते दिवसामागून दिवस मोजावे लागते.

निष्कलंक शेताचा मोह सर्वांनाच असतो. पण पुढच्या पिढीची भाकर चार डाग सोसणाऱ्या गव्हाच्या हातीच अधिक सुरक्षित आहे.