पाणी कुणी बाटवलं?

(पुणतांबा येथील भाषण)



गोदाकाठी उभं राहून मी नायजेरियातल्या कवितेवर बोलतोय, हसू नका. तिथं नायजर नदीच्या मुखाजवळ ओलोइबिरीला १९५६ साली तेल लागलं. तेल परदेशी गेलं. गावाला राहिली तेलकट खाडी, मेलेले मासे आणि रात्रंदिवस जळणारा गॅस. ओगोनी लोकांचा लेखक केन सारो-विवा याविरुद्ध उभा राहिला. १० नोव्हेंबर १९९५ ला लष्करी सरकारनं आठ साथीदारांसह त्याला फासावर दिलं. ही भूमी साफ करायला २५ ते ३० वर्षं लागतील, असं संयुक्त राष्ट्रांचा २०११ चा अहवाल सांगतो.

कंपनी याला 'गळती' म्हणते, जसा काय नळच गळतोय! तनुरे ओजाइदे हा कवी उर्होबो लोकांच्या उड्जे गाण्यांची रीत कवितेत आणतो. उड्जे म्हणजे भर गावात गुन्हेगाराची लाज काढणारं गाणं. सारो-विवानं १९८५ ची 'सोझाबॉय' कादंबरी 'सडक्या इंग्रजीत' लिहिली. साहेबाची शुद्ध भाषा त्याच्या माणसांच्या कामाची नव्हती. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'नं १९७२ साली मराठीत हेच केलं.

आता आपल्या ओढ्याकडं या. एक लिटर अल्कोहोलमागं ८ ते १५ लिटर मळीचं पाणी निघतं. ते ओढ्यात सुटलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे उलटे होऊन तरंगतात. आमच्या वस्तीच्या विहिरीत ते काळं पाणी उतरलं, तेव्हा आजी म्हणाली, "पाणी बाटलं रं."

साहेबाच्या कागदावर त्याला 'सांडपाणी' म्हणतात. पण आजीचा शब्द बघा. याच शब्दानं तिला जन्मभर गावच्या विहिरीवरून हाकललं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले, तर सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं! माणसाच्या ओंजळीनं तळं बाटतं आणि टँकरभर मळीनं ओढा बाटत नाही? तिथं कुणी घागर घेऊन का येत नाही?

म्हणून कवितेत नुसतं 'प्रदूषण' लिहू नका. त्या शब्दात करणारा लपतो. बाटवलं म्हणा, म्हणजे कुणी, हा सवाल आपसूक येतो. नदीला आई म्हणून रडू नका. त्या आईच्या घाटावर आपल्याला कुठं उभं केलं होतं? विहीर कुठली, वास कसला, हंडा घेऊन किती लांब जावं लागतं, ते लिहा.

कवितेनं पाणी साफ होत नाही, मला ठाऊक आहे. पण ज्या शब्दानं आपल्याला मारलं, तो आता ज्याचा आहे त्याच्या दारात नेऊन टाकू.

जयभीम!